फायबरग्लास धड (स्वनिर्मित विमान)

फायबरग्लास धड म्हणजे हलक्या फोमवर काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी रेझिन यांचे थर चढवून तयार केलेला विमानाचा मुख्य पोकळ भाग होय. हौशी व्यक्तीने स्वतः बांधलेल्या विमानांत ही पद्धत विशेष रूढ आहे. बाहेरून गुळगुळीत दिसणारा सांधा आतून कच्चा राहू शकतो; म्हणून जोडणी व घासकाम हे या बांधणीतील सर्वांत जबाबदारीचे टप्पे होत.

इतिहास

अमेरिकन अभिकल्पक बर्ट रुटान यांच्या व्हेरीइझी (१९७५) आणि लाँग-ईझी (१९७९) या विमानांमुळे साच्याविना फायबरग्लास बांधणीचा प्रसार झाला. महागडा साचा लागत नसल्याने हे काम घरच्या शेडमध्येही करता येऊ लागले.

जोडणी

लाँग-ईझीच्या धडासाठी प्रथम फोमच्या सपाट पाट्यांवर आतील बाजूने कापड चढवतात. त्या आडव्या पडद्यांभोवती बसवून पेटीसारखा सांगाडा जोडला जातो. सांध्याच्या कोपऱ्यात घट्ट मिश्रण भरून त्यावर कापडाच्या पट्ट्या लावतात. पीळ सोसण्यासाठी कापडाचे धागे तिरके, ४५ अंशांत ठेवतात. वाळलेल्या पृष्ठभागावर नवा थर देण्यापूर्वी तो घासून खरखरीत करणे आवश्यक असते. अन्यथा थर सुटण्याचा धोका राहतो.

आकार देणे

जोडणीनंतर फोमच्या बाहेरील कडा सुरी व पॉलिश पेपरने गोलाकार करून त्यावर बाहेरचे थर देतात. रेझिन चामड्यासारखे चिवट असतानाच जादा कापड सुरीने कापले जाते. पुढे बारीक खाचा भरण्यासाठी रेझिनमध्ये काचेचे सूक्ष्म पोकळ मणी मिसळून लांबी भरतात. लांबीने बळकटी येत नाही, केवळ वजन वाढते. उंचवटा काढताना खालील धागे घासले गेल्यास मात्र धडाची ताकद घटते.

हवामान व सुरक्षितता

दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येऊ शकतो. तो पाण्याने धुऊन मगच घासावा लागतो. शहापूर, मुरबाड यांसारख्या भरपूर पावसाच्या तालुक्यांत पावसाळ्यात असे काम करायचे झाल्यास बंदिस्त व कोरडी जागा हवी. काचतंतूंची धूळ श्वासावाटे जाऊ नये म्हणून मुखपट्टी आणि रेझिन त्वचेस लागू नये म्हणून हातमोजे वापरतात.

भारतातील उदाहरणे

बंगळूरच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेने लाँग-ईझीच्या आधारे बांधलेले संशोधन विमान १९८७ मध्ये उडाले. याच संस्थेचे संमिश्र सामग्रीचे ‘हंस’ विमान १९९३ मध्ये प्रथम उडाले. महाराष्ट्रातील स्वनिर्मित विमानाचे गाजलेले उदाहरण म्हणजे वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईतील कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान. ते फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले. त्याची अधिकृत नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली.