तिसरी परीक्षा कधी द्यायची?

अमेरिकेत रेसिडेन्सी करणारा एखादा मित्र, मैत्रीण, निदान मावसभाऊ तरी आजकाल प्रत्येकाच्या ओळखीत असतो. त्यांच्याशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो: 'स्टेप थ्री कधी देऊ?' घरचे मात्र चक्रावतात. अरे, डॉक्टर झालास ना? नोकरी लागली ना? मग आता कसली परीक्षा?

त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे एमबीबीएस आणि वर्षाची इंटर्नशिप झाली की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी होते, संपलं. तिकडे यूएसएमएलईच्या पहिल्या दोन पायऱ्या रेसिडेन्सीच्या आधी आणि तिसरी बहुतेकांची रेसिडेन्सी चालू असताना. म्हणजे रात्रपाळ्या, ऐंशी तासांचा आठवडा (हीसुद्धा २००३ साली घातलेली मर्यादा, बरं का!) आणि त्यात दोन दिवसांची परीक्षा. ही तिथेच का आली, हे कळलं तर कधी द्यायची हेही बऱ्यापैकी कळतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियातून एम.डी. झाल्या, त्या सुमारास अमेरिकेत डॉक्टर कुणाला म्हणायचं याचाच घोळ होता. कॉलेजं ढीगभर, दर्जा कसाही. वेस्ट व्हर्जिनिया राज्याने १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला नियम केला: चांगल्या कॉलेजची पदवी दाखवा, राज्यात दहा वर्षं प्रॅक्टिस केल्याचं दाखवा, नाहीतर परीक्षा द्या. फ्रँक डेंट नावाचा डॉक्टर १८७६ पासून प्रॅक्टिस करत होता. त्याची पदवी बोर्डाने मानली नाही, तरी त्याने दवाखाना चालूच ठेवला. पन्नास डॉलर दंड झाला. गडी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८८९ मध्ये हरला. डॉक्टरकीचं लायसन्स देण्याचा अधिकार राज्यांचा, हे त्या निकालाने पक्कं झालं.

झालं, आता प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं आणि परीक्षाही वेगळी. एका राज्यातला डॉक्टर दुसरीकडे गेला की पुन्हा पाटी-पेन्सिल. यावर तोडगा म्हणून १९१५ मध्ये विल्यम रॉडमन यांच्या पुढाकाराने नॅशनल बोर्ड ऑफ मेडिकल एक्झामिनर्स निघालं. राज्यांनी मानली तर चालेल अशी एकच कडक परीक्षा. पहिली परीक्षा ऑक्टोबर १९१६ मध्ये वॉशिंग्टनला झाली आणि जवळजवळ आठवडाभर चालली. बसले दहा, पास झाले पाच.

आपल्या प्रश्नाचं मूळ सापडतं ते १९२२ मध्ये. तेव्हा या परीक्षेचे तीन भाग केले. पहिला मूलभूत विषयांचा, कॉलेजच्या दोन वर्षांनंतर. दुसरा क्लिनिकल विषयांचा, पदवीच्या वेळी. आणि तिसरा वर्षाच्या इंटर्नशिपनंतर, प्रत्यक्ष पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहून. विचार सरळ होता. इंटर्नशिप संपली की माणूस उद्या गावात पाटी लावणार. ताप, खोकला, बाळंतपण, मोडलेला हात, सगळं एकट्याने बघणार. तेव्हा पाटी लावायच्या आदल्या दिवशी त्याला बघून घ्या.

पुढे काय झालं बघा. एकाच उमेदवाराला दोन परीक्षक फार वेगवेगळे मार्क देतात असं दिसून आलं. म्हणून साठच्या दशकात खाटेशेजारची परीक्षा गेली. तिच्या जागी कागदावरचे पेशंट आले: खोडरबराने आवरण खोडायचं, खाली तुमच्या निर्णयाचा परिणाम छापलेला. १९७५ नंतर स्वतंत्र इंटर्नशिपही बंद झाली, ते वर्ष रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष बनलं. एका वर्षानंतर थेट पाटी लावणारे दुर्मिळ होत गेले. म्हणजे पेशंट गेला, खाट गेली, इंटर्नशिप गेली. परीक्षेची जागा मात्र तीच राहिली! आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. का लिहिलंय ते सांगणारे निघून गेले, आणि काढायची कुणाची हिंमत नाही.

बाहेरून आलेल्यांचा रस्ता तर वेगळाच होता. अमेरिकन पदवीधर नॅशनल बोर्डाचे तीन भाग द्यायचे. आपल्यासारख्यांना १९६८ पासून फ्लेक्स नावाची दुसरी परीक्षा. दोन रांगा म्हटल्यावर कुठली रांग खरी, ही कुजबुज आलीच. १९९२ ते १९९४ या काळात यूएसएमएलई टप्प्याटप्प्याने आली आणि दोन्ही रांगा एक झाल्या. पुण्याचा मुलगा आणि बोस्टनची मुलगी एकच पेपर सोडवू लागले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वात मोठी गोष्ट. १९९९ मध्ये परीक्षा कॉम्प्युटरवर गेली आणि कागदावरच्या पेशंटचा वारस स्टेप थ्रीमध्ये आला: स्क्रीनवरचा पेशंट. तुम्ही ऑर्डर द्यायची, घड्याळ पुढे सरकवायचं, पेशंट सुधारतो किंवा बिघडतो.

तर, कधी द्यायची? ही परीक्षा आजही त्याच जुन्या माणसासाठी बेतलेली आहे: एक वर्ष काम केलेला, अजून कुठल्याच शाखेचा न झालेला साधा डॉक्टर. तुम्ही त्या माणसाच्या सर्वात जवळ कधी असता? पहिल्या वर्षाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला. मेडिसिनवाल्याला थोडा उशीर परवडतो, कारण रोजचं कामच अभ्यास असतं. रेडिऑलॉजी, पॅथॉलॉजी, सायकिअ‍ॅट्रीवाल्यांनी अजिबात रेंगाळू नये. बाळाच्या लसी आणि गरोदर बाईचं ब्लडप्रेशर डोक्यातून किती भरभर उडून जातं, हे त्यांनाच विचारा. हलकं रोटेशन बघून तारीख आधीच घेऊन टाकावी. 'जरा निवांत झालो की देतो' म्हणणाऱ्याला रेसिडेन्सीत निवांतपणा भेटत नाही.

एक अपवाद आहे आणि तो आपल्याच लोकांना लागू होतो: एच-१बी व्हिसा. जे-१ वर जाणाऱ्याला स्टेप थ्री आधी लागत नाही, एच-१बी वर रेसिडेन्सी करायची तर लागते. का? तर १९९१ च्या दुरुस्तीने परदेशी डॉक्टरांना ही वाट उघडली आणि कायद्यात अट लिहिली: 'फ्लेक्स किंवा तिच्या तोडीची परीक्षा' पास हवी. दोन-तीन वर्षांत फ्लेक्स बंद पडली. कायद्यात तिचं नाव अजून आहे! तोडीची परीक्षा म्हणजे यूएसएमएलईच्या तिन्ही पायऱ्या. त्यामुळे वर्षभर काम केलेल्यासाठी बेतलेली परीक्षा या मुलामुलींना कामाच्या पहिल्या दिवसाआधी द्यावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाल्यापासून ही वाट आणखी अरुंद झाली आहे. म्हणून आधी हॉस्पिटल कुठला व्हिसा देणार ते विचारा, मग तारीख ठरवा.

आणि आई-बाबांनी पुन्हा विचारलं, 'अजून परीक्षा संपल्या नाहीत का रे?' तर सांगा, ही शेवटची. निदान लायसन्सची तरी. बोर्डाच्या परीक्षेबद्दल त्यांना इतक्यात काही बोलू नका.