जांभळे हृदय आणि हरवलेली वही



अमेरिकेच्या लष्करात 'पर्पल हार्ट' म्हणजे 'जांभळे हृदय' नावाचे एक पदक आहे. युद्धात शत्रूच्या हातून जखमी झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या सैनिकाला ते मिळते. मिश्कानच्या पडद्यांच्या वर्णनात आपण 'अर्गमान' वाचतो, त्याच जातीचा हा रंग. पदकावर जॉर्ज वॉशिंग्टन यांची प्रतिमा आहे, आणि त्याला कारण आहे.

७ ऑगस्ट १७८२ रोजी न्यूयॉर्कमधील न्यूबर्ग येथील छावणीतून वॉशिंग्टन यांनी हुकूम काढला की विशेष कामगिरी करणाऱ्या शिपायाने छातीवर जांभळ्या कापडाचे हृदय लावावे. त्या काळी मानसन्मान अधिकाऱ्यांचे असत. हा मान मात्र साध्या शिपायासाठी होता. तो लावणाऱ्याला पहारेकरी अडवीत नसे. मानकऱ्यांची नावे एका वहीत लिहावीत, असेही हुकमात होते. पुढे ती वही हरवली. आज चर्चिल, ब्राउन आणि बिसेल या तीन सार्जंटांचीच नावे खात्रीने सांगता येतात.

त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे हा मान विस्मृतीत गेला. वॉशिंग्टन यांच्या द्विशताब्दीच्या दिवशी, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, सेनाप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी तो पदकाच्या रूपात पुन्हा सुरू केला. पहिल्या महायुद्धातील जखमींनी अर्ज केल्यावर त्यांनाही तो मिळू लागला. सुरुवातीला चांगल्या कामगिरीबद्दलही हे पदक देत. १९४२ पासून ते केवळ जखमी व मृत सैनिकांसाठी राहिले आणि आरमारालाही लागू झाले. १९४५ मध्ये जपानवर स्वारी करण्याचे घाटत होते, तेव्हा सुमारे ५ लाख पदके तयार करण्यात आली. स्वारी झालीच नाही. उरलेला साठा कोरिया, व्हिएतनाम आणि त्यापुढच्या युद्धांतही पुरला.

या पदकाचे वैशिष्ट्य असे की त्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज नसते. जखम झाली की त्यावर हक्क. शौर्याच्या पदकाचे तसे नाही, तेथे वरिष्ठाने कागद पुढे पाठवावा लागतो. हा फरक तिबोर रुबिन यांच्या आयुष्यात दिसतो. हे हंगेरीतील यहुदी. कोवळ्या वयात माउटहाउझेनच्या छळछावणीत होते, तेथून अमेरिकन सैन्याने त्यांची सुटका केली. त्या उपकाराची फेड म्हणून अमेरिकेत जाऊन ते फौजेत भरती झाले आणि १९५० मध्ये कोरियात लढले. चिनी सैन्याने त्यांना पकडले व अडीच वर्षे कैदेत ठेवले. मायदेशी हंगेरीला पाठवतो, असे चिन्यांनी सांगितले तरी ते गेले नाहीत. रात्री शत्रूच्या कोठारातून अन्न चोरून आणायचे, आजारी सोबत्यांची शुश्रूषा करायची, हे त्यांचे काम. त्यांच्यामुळे सुमारे ४० जण वाचले, असे मानतात.

जखमांबद्दल त्यांना दोन पर्पल हार्ट मिळाली. सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर'ची शिफारस मात्र यहुदीद्वेष्ट्या सार्जंटने वर पाठवलीच नाही, असे सोबत्यांनी पुढे साक्ष देऊन सांगितले. तो सन्मान राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या हस्ते २००५ साली मिळाला. रुबिन तेव्हा ७६ वर्षांचे होते.

वॉशिंग्टन यांनी हुकूम काढला, त्याच सुमारास आपले शमुएल दिवेकर इंग्रजांच्या पलटणीतून लढताना टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. त्यांना कोणी पदक दिले नाही. सुटका झाल्यास मशीद बांधीन, हा नवस त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला फेडला, म्हणून त्यांचे नाव राहिले. त्यांच्या पाठीमागून पलटणीत गेलेल्या शिपाई, हवालदार, सुभेदारांपैकी कितीजण जखमी होऊन कोकणातल्या गावी परतले, त्यांची मशीद कोठे आहे?

अमेरिकन सरकारजवळही पर्पल हार्ट मिळालेल्या सर्वांची एकत्र यादी नाही. म्हणून न्यूबर्गजवळ न्यू विंडसर येथे २००६ मध्ये एक स्मृतिभवन उघडले. तेथे सैनिक आणि त्यांची मुले-नातवंडे स्वतःच नावे कळवतात. हरवलेली वही अशा रीतीने पुन्हा लिहिली जात आहे.

आपल्या घरांतही आजोबा-पणजोबांची पदके ट्रंकेत, डब्यात पडून आहेत. नातवंडांना मराठी वाचता येत नाही, आणि पदकावरचे नाव कोणाचे हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. एका कागदावर त्यांचे नाव, पलटण, गाव आणि जखम कोठे झाली ते मराठीत लिहा, शेजारी नातवाकडून हिब्रूत लिहवून घ्या, आणि तो कागद त्या पदकाजवळच ठेवा.