‘झोपू दे’ म्हणू नकोस

12 जानेवारी 2021. ग्वाल्हेरच्या जयारोग्य रुग्णालयात तू उभा आहेस. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, बाहेर कडाक्याची थंडी. शेजारच्या मोरेना जिल्ह्यातल्या मानपूर, पहावली या गावांतून विषारी दारू प्यायलेली माणसं इथे आणली जात आहेत. 20 हून अधिक जण दगावणार आहेत. स्ट्रेचरवरचा एक माणूस सारखे डोळे चोळतोय. समोर नुसतं धुकं दिसतं म्हणतो. वॉर्डात मात्र लख्ख उजेड आहे.

दारूतलं ते विष म्हणजे मिथेनॉल. घोट घेताना कळत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते थेट दृष्टीच्या नसेवर घाला घालतं. त्याला बरेचदा 12 ते 24 तास लागतात. तोवर डोकं दुखतं, उलट्या होतात आणि घरचे म्हणतात, झोपू दे, उतरेल. ज्या तासांत उतारा आणि डायलिसिस मिळायला हवं, तेच तास झोपेत जातात.

आता आजच्या रात्रीत ये. ग्वाल्हेरचंच बिर्लानगर. केव्हाच बंद पडलेल्या जे. सी. मिलच्या कामगार-लाइनींमधली भाड्याची खोली. परीक्षा संपली आहे, गाणी लागली आहेत. कुणीतरी स्वस्तात मिळालेली बाटली पुढे करतं. सील तुटलेलं आहे. ती घेऊ नकोस, कुणाला घेऊही देऊ नकोस. कसली गोळी आहे हे सांगता येत नसेल, तर तीही नाही. आपला ग्लास हातातच ठेव.

कोपऱ्यात एक मित्र आडवा झालाय. हलवलं तरी ओ देत नाही. कुणी म्हणतं, ‘‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल.’’

थांब. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात जातच राहते. त्याची अवस्था अजून बिघडू शकते. त्याला कुशीवर वळव, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. लिंबूपाणी, कॉफी पाजू नकोस. गार पाण्याखाली नेऊ नकोस. श्वासावर लक्ष ठेव. तो जागा होत नाही एवढंच पुरे. श्वास अडखळण्याची, ओठ निळे पडण्याची वाट पाहू नकोस. रुग्णवाहिकेसाठी 108 लाव. कोणीतरी सोबत बसा. काय प्यायला, कुठली गोळी घेतली, ते डॉक्टरांना खरं सांग. बाटली बरोबर ने.

घरी कळेल, बोलणी बसतील. बसू देत. तो ती ऐकायला जिवंत असला पाहिजे.