दोन देशांतल्या आया आणि सायकलचे हेल्मेट

आमच्या बचत गटातल्या चौघीजणी रोज सायकलने कामाला जातात. मागच्या बैठकीत एकीने विचारले, "ताई, मुलाला हेल्मेट घेतले. आता मीही घालायचे का? लोक हसतील." मला लगेच उत्तर देता आले नाही. मग वाचताना कळले, की दोन देशांत आयांनी याच काळजीपोटी कंबर कसली होती. पण त्यांच्या मागण्या वेगवेगळ्या होत्या.

पहिला देश न्यूझीलंड. १९८६ साली पामर्स्टन नॉर्थ शहरात सायकलवरून शाळेला निघालेल्या आरोन ओटन या मुलाला मोटारीची धडक बसली. मेंदूला मार लागून तो कायमचा अपंग झाला. त्याची आई रेबेका ओटन पुढे अनेक वर्षे शाळाशाळांतून फिरली आणि हेल्मेट घाला म्हणून सांगत राहिली. लोक तिला 'हेल्मेट लेडी' म्हणू लागले. तोवर शेजारच्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून लहानमोठ्या सर्व सायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती केली. असा कायदा जगात पहिलाच. १ जानेवारी १९९४ पासून न्यूझीलंडमध्येही तो आला. मोहीम शाळेतून निघाली, पण कायदा आजीआजोबांनाही लागू झाला.

परिणाम काय झाला? व्हिक्टोरियात हेल्मेट घालणारे वर्षभरात शंभरातले ३१ होते, ते ७५ झाले. डोक्याच्या दुखापती घटल्या. मात्र रस्त्यावर सायकली, विशेषतः किशोरवयीन मुलांच्या, कमी दिसू लागल्या. त्यामुळे दुखापती हेल्मेटने किती घटल्या आणि सायकली घटल्याने किती, हा वाद अजून चालू आहे.

दुसरा देश नेदरलँड्स. १९७१ साली तिथे रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा नावाची चळवळ उभी राहिली. तिची पहिली अध्यक्ष मार्त्ये फान पुटन ही एक तरुण आई होती. या लोकांनी रस्ते अडवले आणि गाड्यांचा वेग कमी करा, मुलांना सुरक्षित रस्ता द्या, अशी मागणी केली. १९७३ च्या तेलटंचाईने मोटारींचा प्रश्न सगळ्यांनाच जाणवला. पुढे सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधले गेले. आज तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, आणि रोजच्या कामाला जाताना मोठी माणसे सहसा हेल्मेट घालत नाहीत.

मग आपण काय करायचे? हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा थर असतो. पडल्यावर तो चेपतो आणि धक्का स्वतः झेलतो, म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. साध्या पडण्यात त्याचा चांगला उपयोग होतो. पण भरधाव ट्रकपुढे ते पुरे पडत नाही. डच बाई बिनहेल्मेटची जाते, कारण तिचा रस्ता वेगळा आहे. आपण ट्रकच्या कडेने जातो.

म्हणून त्या मैत्रिणीला मी सांगितले, "घाल. तुझे डोकेही घराला तितकेच हवे आहे." आणि येत्या ग्रामसभेत आम्ही शाळेच्या वळणावर गतिरोधक मागणार आहोत. डोक्यावर हेल्मेट आले, म्हणून रस्त्याची मागणी सोडायची नाही.