करारांत अडकलेला खेळाडू

गोंदियाचें नांव निघालें म्हणजे तेंदूपान, विड्या आणि भाताच्या गिरण्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. फुटबॉल कांहीं उभा राहत नाहीं. तथापि येथील विडीच्या व्यापारांत नांवाजलेल्या घराण्यांतील श्री. प्रफुल्ल पटेल हे २००९ सालीं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले, व २०२२ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें महासंघाचा कारभार प्रशासकांच्या समितीकडे सोंपवीपर्यंत त्या पदावर होते. विडी आणि चेंडू ही जोडी विनोदी वाटेल. परंतु नोकरीचा करार मोडण्याच्या प्रश्नावर तिजकडून बरेंच शिकतां येतें.

विडी वळणाऱ्याला धास्ती असे ती मालक काम बंद करील हीच. त्यांतून मध्यें सट्टेदार. तेव्हां खरा मालक कोण, हें ठरेना. १९५८ सालीं चिंतामणराव यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार असून कारखान्याचे कामगार नव्हत, असा निर्णय दिला. पुढें १९६६ च्या विडी व सिगार कामगारांच्या कायद्यानें घरीं बसून विड्या वळणाऱ्या बायकांनाहि कामगार मानलें, आणि सहा महिने काम केलेल्यास सबळ कारणावांचून, तसेंच एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार दिल्यावांचून काढतां येणार नाहीं, असें बंधन मालकावर घातलें.

फुटबॉलपटूचें दुखणें नेमकें उलट. त्याला कोणी सोडीतच नसे! इंग्लंडांत कराराची मुदत संपली तरी क्लबास खेळाडूची नोंद आपल्याकडे अडकवून ठेवतां येई. न्यूकॅसल क्लबाचा जॉर्ज ईस्टहॅम याला दुसरीकडे जावयाचें होतें. क्लब सोडीना, तेव्हां १९६० मध्यें त्यानें खेळणेंच थांबविलें आणि एका स्नेह्याकडे बुचें विकण्याची नोकरी पत्करली. त्याच वर्षीं आर्सेनल क्लबानें त्याला घेतलें. म्हणजे त्याचें स्वतःचें काम झालें होतें. तरीहि खेळाडूंच्या संघटनेच्या पाठबळावर त्यानें दावा चालविला, आणि १९६३ सालीं न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं ती पद्धति धंद्यावरील अवाजवी निर्बंध ठरविली. या साऱ्या इतिहासांत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

आपल्याकडे १८७२ च्या करार-कायद्याचें २७ वें कलम हें, धंद्यास मज्जाव करणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजतें. श्रीरामपूरचा गोलंदाज झहीर खान याच्या जाहिरातींचें काम पाहणाऱ्या कंपनीचा करार २००३ सालीं संपला. पण दुसऱ्याशीं करार करण्यापूर्वीं प्रथम आम्हांस संधि द्यावी, असा कंपनीचा आग्रह होता. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो मानला नाहीं. विश्वासावर चालणारें नातें मुदतीनंतर लादतां येत नाहीं, हें त्यांतलें मर्म होय.

मुदत शिल्लक असतांना करार मोडला तर? येथें क्लबाची बाजू अगदींच पोकळ नाहीं. एका खेळाडूवर संघाची सारी मांडणी उभी असते. बचावपटू अन्वर अली हा दिल्लीच्या क्लबाकडून चार वर्षांच्या उसनवारीनें मोहन बागानकडे गेला होता. २०२४ मध्यें तो करार एकतर्फी मोडून त्यानें ईस्ट बंगालशीं पांच वर्षांचा करार केला. महासंघाच्या समितीनें सप्टेंबरांत त्याला चार महिने खेळण्यास बंदी केली, आणि त्याच्यासह दोन क्लबांवर १२ कोटि ९० लाख रुपयांची भरपाई बसविली. प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयांत जातांच महासंघानें तो हुकूम मागें घेऊन पुन्हां सुनावणी करण्याचें कबूल केलें.

त्यानंतर तीनच आठवड्यांनीं, ४ ऑक्टोबर २०२४ रोजीं, युरोपीय संघाच्या न्यायालयानें फ्रान्सच्या लासाना दियारा याच्या खटल्यांत निकाल दिला. मॉस्कोच्या क्लबाशीं त्याचा करार २०१४ सालीं मोडला, आणि त्याच्या अंगावर १ कोटि ५ लाख युरोंची भरपाई आली होती. ती आपल्यावरहि येईल या भयानें नवा क्लब त्याला घेण्यास धजेना. नव्या क्लबास अशा भरपाईंत सरसकट ओढणारे जागतिक फुटबॉल महासंघाचे नियम न्यायालयानें युरोपीय कायद्याशीं विसंगत ठरविले, आणि डिसेंबरांत त्या महासंघाला ते तात्पुरते बदलावे लागले.