सहा महिन्यांची अट

मागच्या शनिवारी सकाळी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात न्यू जर्सीहून मित्राचा फोन. काकांचा कॅन्सर यकृतात पसरलाय, डॉक्टर हॉस्पिस घ्या म्हणतायत आणि फॉर्मवर 'सहा महिने' लिहिलंय. "अरे, सातव्या महिन्यात बाबांचं कव्हर बंद करणार का?" त्याचा आवाज कापत होता.

आम्ही प्रोग्रॅमर लोक. अट दिसली की ती कोणी आणि का लिहिली हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. तर मंडळी, वीकएंड त्यातच गेला.

१९६७ साली सिसिली सॉन्डर्स या बाईंनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. आधी नर्स, आणि मरणाऱ्यांच्या वेदनांवर काम करायचं म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झालेल्या! त्यांचं काम पाहून येल विद्यापीठातल्या नर्सिंगच्या डीन फ्लॉरेन्स वॉल्ड यांनी पद सोडलं. १९७४ मध्ये कनेटिकटमध्ये अमेरिकेतलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं, तेही रुग्णांच्या घरी जाऊन.

पण पैसे कोण देणार? १९८२ च्या कायद्याने ते मेडिकेअरवर आले. सरकारला खर्चाची धास्ती, म्हणून अटी घातल्या. आजार नेहमीच्या गतीने वाढला तर सहा महिने किंवा त्याहून कमी आयुष्य उरलंय, असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं. रुग्णाने त्या आजारावरचे बरं होण्याचे उपचार सोडायचे. आणि कव्हर एकूण २१० दिवसांचंच! म्हणजे मित्राची भीती अगदीच खुळी नव्हती, फक्त जुन्या व्हर्जनमधली होती.

१९९७ च्या कायद्यापासून आधी ९०-९० दिवसांचे दोन टप्पे आणि पुढे ६० दिवसांचे कितीही, अशी रचना आहे. दर टप्प्याला डॉक्टरांनी पुन्हा लिहून दिलं की झालं. थोडक्यात, हा टाइमआउट नाही, लूप आहे. शिवाय रुग्णाला केव्हाही बाहेर पडून उपचार घेता येतात. विनोदी लेखक आर्ट बुकवाल्ड २००६ मध्ये हॉस्पिसमध्ये गेले आणि चक्क बाहेर आले. जिमी कार्टर फेब्रुवारी २०२३ मध्ये हॉस्पिस सेवेत गेले, ते डिसेंबर २०२४ पर्यंत जगले.

रविवारी रात्री हे सगळं मित्राला सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांनी कधीचीच सही केली असती रे, मीच फॉर्म लपवून ठेवला होता."

काल काकांचा पलंग आला. देवघरासमोर लावलाय म्हणे.

असो.