पावतीबुकामागची विद्या

रमजानचा पहिला आठवडा सरला की बारामतीत सफीर दिसू लागतात. खांद्याला बॅग, हातात पावतीबुक, खिशात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला तसदीकनामा. कुणी बिहारमधून आलेला, कुणी उत्तर प्रदेशातून, कुणी मराठवाड्यातून. जोहरच्या नमाजनंतर इमामसाहेबांच्या परवानगीने दोन मिनिटे उभे राहायचे, मदरशाचे नाव आणि मुलांची संख्या सांगायची, मग दाराशी रुमाल पसरायचा. तिथून बाजारात, दुकानामागून दुकान. संध्याकाळच्या एसटीने इंदापूर. आपल्यातले शिकलेसवरलेले लोक त्यांना पाहून तोंड वाकडे करतात.

मी त्यांच्याकडून पावतीबुक मागून घेतो आणि वाचतो. शिक्षकाची खोड, कागद दिसला की तपासायचा. बहुतेक पावत्यांवर चार रकाने असतात : जकात, फितरा, सदका, इमदाद. देणाऱ्याने पैसा कोणत्या खात्यावर दिला ते तिथल्या तिथे लिहिले जाते, कारण जकातीचा पैसा गरजूच्या हातात पडला पाहिजे, त्यातून इमारत बांधता येत नाही की मुदर्रिसांचा पगार देता येत नाही. जुना मुरलेला सफीर एक डायरीही बाळगतो. दुकानदाराने नाव सांगायच्या आतच तो म्हणतो, ‘सेठ, पिछले साल आपने पाँच सौ दिये थे.’ अमेरिकेतल्या विद्यापीठांत एवढ्याच कामासाठी स्वतंत्र विभाग असतात. दरवर्षी कुणी किती दिले, कशासाठी दिले, यंदा त्याच्याकडे कुणी जायचे, आभाराचे पत्र गेले की नाही, हे पाहणारे पगारी लोक असतात आणि त्यांची रीतसर प्रशिक्षणेही होतात. आपला सफीर हे पायपीट करत शिकला.

आपल्या महाविद्यालयांत हे काम कोण शिकतो, कोण शिकवतो, हा माझा प्रश्न आहे. आधी इतिहास पाहू, कारण मागणे ही शिकण्याची गोष्ट आहे हे आपल्या परंपरेला फार जुन्या काळापासून ठाऊक होते.

कुरआनच्या सूरह तौबामध्ये (आयत ६०) जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन यांच्यानंतर तिसरा क्रमांक ‘आमिलीन’चा, म्हणजे जकात गोळा करणाऱ्यांचा. वसुली करणाऱ्याचा मोबदला त्याच निधीतून द्यायचा. हे काम फुकटात, फावल्या वेळात, कुणावर तरी ढकलून होत नाही, याची ही कबुलीच आहे. हजरत मुआज इब्न जबल यांना यमनला पाठवताना पैगंबरांनी (स.) ज्या सूचना दिल्या त्यांत लोकांच्या मालातले निवडक उत्तम तेवढे उचलू नका आणि पीडिताच्या बददुआपासून जपा, हेही होते. आणि इब्नुल्लुत्बिय्या नावाच्या वसुलदाराची हदीस तर प्रसिद्धच आहे. तो परतल्यावर म्हणाला, एवढे तुमचे आणि एवढे मला भेट मिळालेले. त्यावर मिंबरवरून जाहीर नाराजी व्यक्त झाली : हा माणूस घरी आईबापाजवळ बसून राहिला असता तर त्याला ही भेट आली असती का? पदामुळे आलेली भेट आणि व्यक्तीला आलेली भेट यांतला फरक कळणे हा या विद्येचा पहिला धडा म्हणायला हवा.

पुढे १८६६ मध्ये देवबंदला दारुल उलूम सुरू झाले. बादशाही गेलेली, जहागिऱ्या बुडालेल्या, इंग्रज सरकारचा पैसा घ्यायचा नाही असा निश्चय. मौलाना कासिम नानौतवी यांनी संस्थेसाठी आठ तत्त्वे लिहून ठेवली. त्यातले पहिलेच चंद्याबद्दल आहे : कार्यकर्त्यांनी चंदा वाढवण्याकडे सतत लक्ष द्यावे. आणखी एका तत्त्वात ते म्हणतात की जहागीर, कारखाना किंवा एखाद्या श्रीमंताचे वचन असे कायमचे उत्पन्न मिळाले तर कार्यकर्त्यांतला ईश्वरावरचा भरवसा जाईल आणि आपसांत भांडणे लागतील. नावाची हाव न धरणाऱ्यांची छोटी देणगी त्यांना जास्त बरकतीची वाटे. दरवर्षी ‘रूदाद’ छापली जाई, त्यात देणाऱ्यांची नावे आणि जमाखर्च. कुणाही सामान्य माणसाला आपला रुपया छापील कागदावर शोधता येई. वार्षिक वर्गणीवर उच्च शिक्षणाची संस्था चालवण्याचा हा प्रयोग आपल्या देशात दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकला आहे. त्याच्या अभ्यासक्रमाविषयी माझे मतभेद आहेत. त्याच्या हिशेबाच्या पद्धतीविषयी नाहीत.

सर सय्यद यांची वाट वेगळी. १८७५ मध्ये अलिगढला शाळा आणि १८७७ मध्ये महाविद्यालयाची पायाभरणी. त्यांनी पैशासाठी काय केले नाही? लॉटरी काढली, पुस्तकांचे दुकान मांडले, रंगमंचावरही उभे राहिले. देणगीदारांची नावे खोल्यांवर आणि भिंतींवर कोरली. प्रतिष्ठित लोक हसले तरी त्यांना फरक पडला नाही. पण सर सय्यद एकटेच मागत होते तोवर ती एका माणसाची करामत होती. १८९० मध्ये साहबजादा आफताब अहमद खान आणि त्यांच्या साथीदारांनी ‘अंजुमन अल-फर्ज’ म्हणजे ड्यूटी सोसायटी काढली. विद्यार्थी सुट्टीत घरी जाऊन झोपा काढण्याऐवजी टोळ्या करून गावोगावी जात आणि गरीब विद्यार्थ्यांच्या वजिफ्यासाठी चंदा जमवत. काय बोलायचे, कुणाकडे आधी जायचे, नकार कसा ऐकायचा हे मुले रस्त्यावर शिकली. हेच आफताब अहमद खान पुढे अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गंमत अशी की त्याच १८९० साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी आपला वार्षिक निधी सुरू केला. जगातल्या विद्यापीठांच्या वार्षिक निधीची कुळकथा तिथपासून सांगितली जाते. त्यात अलिगढचे नाव येत नाही. यायला हवे.

याच अलिगढने दुसरा धडाही दिला, कडू. १८९५ मध्ये उघडकीला आले की महाविद्यालयाच्या हेडक्लार्कने खोट्या सह्यांवर लाखाहून अधिक रुपये बँकेतून काढले होते. आणा-आणा जमवलेला पैसा. सर सय्यद यांना बसलेला धक्का मोठा होता आणि १८९८ मध्ये ते गेले. मागायला शंभर मुले तयार झाली, पण आलेला पैसा मोजणारा एकच आणि त्याच्यावर नजर ठेवणारा कुणी नाही, असा तो प्रकार. आजही संस्थेची पडझड होते ती बहुतेक वेळा याच टेबलावर.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ ची, फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ चे. टिळक, आगरकर, गोखले ही नावे मुलांना पाठ असतात. महादेव बल्लाळ नामजोशी हे नाव मी वर्गात विचारले तर एकही हात वर येत नाही. संस्थानिकांच्या दरबारात खेटे घालून पैसा उभा करणारा माणूस तो. आजीव सभासदांचा पगार पंचाहत्तर रुपये, बांधिलकी वीस वर्षांची, आणि सुट्टीत निधीसाठी फिरणे हा कामाचाच भाग. गोखलेही त्यासाठी फिरले. होळकर महाराजांकडून आलेल्या एका रकमेवरून, ती संस्थेची की व्यक्तीची, असा वाद या मंडळींत झाला होता. १८९० मध्ये टिळकांनी सोसायटी सोडली, त्यामागे अनेक कारणे होती आणि संस्था व व्यक्ती यांच्या कमाईची सरमिसळ हे त्यातले एक. इब्नुल्लुत्बिय्याची हदीस आठवल्याशिवाय मला तो प्रसंग वाचता येत नाही.

धोंडो केशव कर्वे यांचे मला सर्वांत जास्त कौतुक वाटते. ते उत्तम वक्ते नव्हते, श्रीमंत नव्हते, देखणे व्यक्तिमत्त्वही नाही. पण त्यांचा हिशेब चोख. तरुणपणीच त्यांनी ‘मुरूड फंड’ काढला, बाहेरगावी कमावणाऱ्या मुरूडकरांनी गावासाठी वर्गणी द्यायची. माजी विद्यार्थ्यांच्या निधीचीच ती कल्पना. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींचे पंधरा लाख. पण या दोन टोकांच्या मध्ये १९०८ आहे. त्या वर्षी कर्व्यांनी ‘निष्काम कर्म मठ’ काढला, तो संस्थांसाठी आयुष्य देणारे कार्यकर्ते घडवायला. एकट्याच्या पायांनी किती दिवस फिरणार, हे त्यांनी वेळीच ओळखले. तरी सत्तरी ओलांडल्यावर निधीसाठी ते आफ्रिकेपर्यंत जाऊन आलेच.

कर्मवीर भाऊराव पाटलांची मुष्टिफंडाची गोष्ट इकडे घराघरात माहीत आहे. घरच्या बाईने रोज दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला टाकायचे आणि ते बोर्डिंगच्या मुलांनी गोळा करायचे. लक्ष्मीबाईंनी तर मंगळसूत्रही दिले. यातले शहाणपण धान्याच्या किमतीत नव्हते. जी बाई रोज मूठ काढते ती बोर्डिंगला आपले समजते, आणि जो मुलगा दारात उभा राहतो त्याला आपण कुणाच्या भाकरीवर शिकतो ते कळते. १९१९ मध्ये काले गावात सुरू झालेली रयत शिक्षण संस्था १९४७ मध्ये साताऱ्यात महाविद्यालयापर्यंत पोचली ती या जोरावर. आपल्या समाजापुरते बोलायचे तर बद्रुद्दीन तय्यबजींच्या पिढीने १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी केली आणि कोल्हापुरात १९०६ मध्ये शाहू महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढून दिली. आपल्याकडे चाड नव्हती असे कुणी म्हणू नये.

मग ही विद्या गेली कुठे?

बारामतीचेच पाहा. १९६२ मध्ये अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय निघाले. त्याचे नावच इथल्या जैन व्यापारी घराण्याची आठवण देते. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान. भोवताली सहकारी साखर कारखाने, आणि पश्चिम महाराष्ट्रात टनामागे काही पैसे शिक्षणासाठी कापण्याची रीत. शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून रक्कम परस्पर वळती व्हायची. त्याने ना हात पुढे केला, ना आखडता घेतला. त्या पैशातून इमारती उभ्या राहिल्या हे खरेच, मी स्वतः अशा इमारतींत शिकलो. पण कापून घेतलेल्या पैशासाठी कुणाला कुणाच्या दारात जावे लागत नाही, आभार मानावे लागत नाहीत. पुढे अनुदानित महाविद्यालयांचे पगार सरकारी तिजोरीतून येऊ लागले आणि नामजोशींचे खातेच बंद पडले. नंतर विनाअनुदानितचा काळ आला, तेव्हा उणीव भरून काढली ती फीने. नानौतवींनी कायमच्या उत्पन्नाबद्दल दिलेला इशारा धार्मिक वाटतो, पण मला तो कार्यालयीन अर्थानेही खरा वाटतो.

आता नॅकचे मूल्यांकन आले की माजी विद्यार्थ्यांचे योगदान किती, असा रकाना भरावा लागतो. मग घाईने मेळावा. माझा एक जुना विद्यार्थी एमआयडीसीत चांगल्या पगारावर आहे. त्याने अशाच एका मेळाव्यात पाच हजार दिले. तो सांगत होता, ‘सर, पावती मागायला तीनदा गेलो. चौथ्यांदा लाज वाटली.’ पुढच्या मेळाव्याचे आमंत्रणही त्याला गेले नाही, कारण त्याचा नंबर कुणी लिहूनच घेतला नव्हता. सफीराच्या डायरीत तो असता तर दहा वर्षे सुटला नसता!

शिवाय आता नुसत्या पावतीने भागत नाही. ८० जी ची सवलत द्यायची तर संस्थेला आयकर खात्याकडे फॉर्म १० बीडी भरून प्रत्येक देणगीदाराची माहिती द्यावी लागते, ३१ मेच्या आत, आणि देणगीदाराला १० बीई प्रमाणपत्र द्यावे लागते. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलतच नाही. हे सगळे करणार कोण? परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्तीची यादी आणि प्रवेशाची रांग सांभाळणारा तोच क्लार्क. त्याला प्राध्यापकांसारखी ना उजळणी वर्गाची सोय, ना कुणी दोन दिवस बसवून शिकवलेले. प्राचार्य त्याच्यावर ओरडतात तेवढेच त्याचे प्रशिक्षण.

सच्चर समितीने २००६ मध्ये लिहिले की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान असतो आणि पदव्युत्तरला पन्नासांत एक. या आकड्यावर आपण भाषणे पुष्कळ केली. रमजानमध्ये याच मोहल्ल्यांतून जाणारा पैसा पाहिला की समाज देत नाही असे मला म्हणवत नाही. बारावीनंतर शिक्षण सोडणाऱ्या मुलीच्या फीसाठी कुणी चार रकान्यांचे पावतीबुक घेऊन दारात आलेले नाही, एवढेच. गरजू विद्यार्थ्याच्या हातात जकात देता येते. तिचे खाते वेगळे ठेवावे लागते, मुलाची गरज तपासावी लागते, वर्षाअखेर यादी लावावी लागते. हे जमणारी मुले आपल्याकडे आहेत. बी.कॉम. होऊन टॅलीवर दुसऱ्यांचे हिशेब लिहितात.

अशा तीन मुलांना घेऊन यंदा शाबानमध्ये मी इंदापुरात चार रविवार बसलो. दोन रविवार फक्त नोंदवहीवर गेले : नाव, मोबाइल, खाते, रक्कम, पावती क्रमांक, कुणी घेतली, बँकेत कधी भरली, आणि भरणारा व घेणारा एक नको. तिसऱ्या रविवारी दारात उभे राहून दोन मिनिटांत बोलायचा सराव. चौथ्या रविवारी एका सफीरसाहेबांना बोलावले. त्यांना वाटले चौकशीसाठी बोलावले आहे, म्हणून तसदीकनामा आधीच काढून बसले. मुलांनी डायरी बघू का म्हणून विचारल्यावर ते बराच वेळ संकोचले आणि मग त्यांनी २०११ पासूनची पाने उलटून दाखवली. काही नावांपुढे बारीक अक्षरात ‘मरहूम’ लिहिले होते, आणि त्याखाली मुलाचे नाव आणि नंबर.